पिनचा बल्ब की आट्यांचा? घरासाठी होल्डर निवडताना

विजेच्या दुकानात जाऊन नुसते “एक बल्ब द्या” म्हटले की आपल्या हाती पिनचाच बल्ब येतो. नामपूर, सटाणा, मालेगाव, कोठेही जा, रिवाज हाच आहे. भिंतीवरचा होल्डर पिनचा, छताला टांगलेला होल्डरही पिनचा. त्यामुळे गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदारही विचारत नाही. वडिलांच्या काळापासून हेच चालत आले आहे.

गेल्या काही वर्षांत मात्र हा सरळ हिशोब बिघडला आहे. घरांना पीओपीचे छत आले. हॉलमध्ये झुंबर, फाटकाच्या खांबावर शोभेचा दिवा, पलंगाशेजारी टेबललॅम्प आला. या बहुतेक वस्तूंत आट्यांचा होल्डर असतो. बाजारात त्याला ‘चुडीवाला’ही म्हणतात. नवे घर बांधणाऱ्या माणसाच्या घरात आता दोन्ही जातींचे बल्ब असतात, आणि त्यांतला फरक ‘हा येथे बसतो, तो येथे बसत नाही’ एवढाच समजला जातो.

खरा फरक त्याहून मोठा आहे. तो जिवाच्या हिफाजतीचा आहे. बल्ब बदलण्याचे काम घरात बहुतेक वेळा स्त्रिया किंवा शाळकरी मुले करतात, स्टुलावर उभे राहून, कधी ओल्या हाताने. म्हणून या दोन जातींची रचना, त्यांचे गुण आणि त्यांचे ऐब प्रत्येक घरधन्याने आणि विजेचा माल विकणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घेतले पाहिजेत.

दोन जाती, दोन रचना

पिनच्या बल्बच्या धातूच्या टोपीला समोरासमोर दोन लहान खुंट्या असतात. त्यांनाच आपण पिना म्हणतो. होल्डरला इंग्रजी ‘जे’ अक्षरासारख्या दोन खाचा असतात. बल्ब आत दाबायचा, थोडा फिरवायचा आणि सोडायचा. आतल्या स्प्रिंगा त्याला बाहेर ढकलतात आणि पिना खाचेत अडकून बसतात. बंदुकीच्या नळीवर संगीन चढवण्याची तऱ्हा अशीच होती, म्हणून इंग्रजीत या जातीला संगिनीचेच, म्हणजे ‘बायोनेट’ असे नाव पडले. खोक्यावर जे ‘बी-२२’ किंवा ‘बी-२२ डी’ लिहिलेले असते, त्यातला ‘बी’ याच शब्दाचा. २२ म्हणजे टोपीची रुंदी २२ मिलिमीटर, आणि ‘डी’ म्हणजे खाली दोन संपर्कबिंदू. बल्बच्या बुडाशी शिशाचे दोन ठिपके दिसतात, ते हेच. वीज एका ठिपक्यातून आत जाते आणि दुसऱ्यातून परत येते. बाजूची धातूची टोपी फक्त पकडण्यासाठी असते. तिच्यातून वीज वाहत नाही.

आट्यांच्या बल्बला पिना नसतात. त्याची टोपी स्क्रूसारखी असते आणि बल्ब उजवीकडे फिरवत बसवायचा असतो. खोक्यावर ‘ई-२७’ असे लिहिलेले असते. ‘ई’ हे एडिसनच्या नावाचे पहिले अक्षर आणि २७ म्हणजे टोपीची रुंदी २७ मिलिमीटर. झुंबरातला मेणबत्तीच्या आकाराचा लहान बल्ब बहुधा ‘ई-१४’ असतो. रस्त्यावरच्या जुन्या सोडियमच्या मोठ्या दिव्यांना ‘ई-४०’ लागत असे. या बल्बच्या बुडाशी मध्यभागी एकच ठिपका असतो. मग दुसरा संपर्क कोठे? तो म्हणजे आटे असलेली टोपीच. मधल्या ठिपक्यातून वीज एका बाजूने जाते आणि तिचा दुसरा मार्ग टोपीच्या आट्यांतून असतो.

साऱ्या लेखाचे सार या एका फरकात आहे. पिनच्या बल्बची टोपी विजेच्या मार्गाबाहेर असते, आट्यांच्या बल्बची टोपी विजेच्या मार्गातच असते.

आपल्याकडे पिन कशी रुजली

अमेरिकेत एडिसनने आपल्या दिव्यांसाठी आट्यांची टोपी आणली आणि ती तेथून युरोपच्या बहुतेक देशांत पसरली. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान याने स्वतंत्रपणे दिवा तयार केला होता. १८८३ मध्ये एडिसन आणि स्वान यांच्या कंपन्या इंग्लंडात एक झाल्या, पण त्या देशात पुढे चलन रुळले ते पिनच्या टोपीचे. मुंबईची ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ कंपनी १९०५ सालची. त्या काळी तारा, बटणे, होल्डर, बल्ब हा सारा माल इंग्लंडहून येत असे, म्हणून पिनही त्याच वाटेने आली. हिंदुस्थान, पाकिस्तान, श्रीलंका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अशा, इंग्रजांचा अंमल असलेल्या पुष्कळ देशांत आजही घरांत पिनचे होल्डर दिसतात.

असे माप एकदा बसले की सहजासहजी सुटत नाही. आपल्या पावरलूमवाल्या बंधूंना हे सांगण्याची गरज नाही. धोट्यात ज्या मापाची कांडी बसते त्याच मापाची कांडी घ्यावी लागते. दुसरी कितीही स्वस्त आणि सुबक असली तरी उपयोगाची नाही. भिंतीत होल्डर एका जातीचा बसला की पुढची पन्नास वर्षे बल्बही त्याच जातीचा विकला जातो. सरकारची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि तिच्यात देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. घरोघरचे होल्डर पिनचे असल्यामुळे हे बल्बही पिनचेच होते. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे आपल्या घरांत पिनचेच राज्य राहणार हे नक्की. आट्यांचा बल्ब येथे पाहुणा म्हणून आला आहे. पाहुण्याची रीत माहीत असली म्हणजे त्रास होत नाही.

आट्यांच्या होल्डरमध्ये धोका कोठे आहे

घरात विजेच्या दोन तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. झटका फेजचा बसतो. आट्यांच्या होल्डरमध्ये फेजची तार मधल्या जिभेला आणि न्यूट्रलची तार आट्यांना जोडायची असते, आणि बटण फेजच्या तारेवर असावे लागते. असे केले तर बल्ब फिरवताना चुकून बोट धातूच्या टोपीला लागले तरी ती न्यूट्रलची बाजू असते.

वायरमनने तारा उलट जोडल्या तर फेज आट्यांवर येते. दिवा मात्र तसाच लागतो! हीच यातली फसवी गोष्ट आहे. घरातल्या माणसाला काही कळत नाही. सहा महिन्यांनी बल्ब जातो, कोणी बटण सुरू असतानाच तो फिरवून काढू लागते, अर्धा बाहेर आलेल्या टोपीला बोट लागते आणि फेजचा झटका बसतो. त्यात बटणही न्यूट्रलवर असेल तर बटण बंद करूनही आटे जिवंतच राहतात.

माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कापड मांडण्यासाठी छतात आट्यांचे आठ होल्डर बसवले होते. बल्ब लावण्यापूर्वी टेस्टर लावून पाहिला तेव्हा तीन होल्डरांच्या आट्यांवर टेस्टर पेटला. काम करणारा कारीगर म्हणाला, “शेठ, दिवा तर लागेल ना?” दिवा लागला असताच, पण पुढे दुकानातल्या एखाद्या पोराने त्याची किंमत दिली असती. तिन्ही होल्डर उघडून तारा बदलायला अर्धा तास लागला.

पिनच्या होल्डरमध्ये ही उलट-सुलट अडचण येत नाही. आतल्या दोन स्प्रिंगदार खुंट्यांपैकी कोणत्याही एकीवर फेज आली तरी बल्बच्या टोपीला फरक पडत नाही. आपल्याकडे खेडोपाडी वायरिंग कोणी कशी केली याची खात्री नसते. अशा ठिकाणी पिनची ही सवलत फार मोलाची आहे.

याचा अर्थ पिनचा होल्डर सर्वस्वी निर्धोक आहे असा कोणी घेऊ नये. रिकाम्या होल्डरमध्ये त्या दोन खुंट्या उघड्याच असतात आणि मुलाचे बोट सहज पोहोचते. बल्ब गेला आणि नवा आणायला वेळ आहे, तर जुना बल्ब तसाच बसवून ठेवावा. होल्डर रिकामा सोडू नये. शिवाय पितळी होल्डर न्हाणीघरात किंवा ओल्या भिंतीवर लावू नये. आतली तार सुटून पितळेला टेकली तर सारा होल्डर जिवंत होतो. अशा जागी बॅकेलाइटचा किंवा चांगल्या प्लास्टिकचा होल्डर घ्यावा.

हादरा, उष्णता आणि गंज

हिफाजतीनंतर टिकाऊपणाचा प्रश्न येतो. येथे दोन्ही जातींचे गुण वेगवेगळे आहेत.

जेथे हादरे बसतात तेथे पिन सरस ठरते. आट्यांवर बसलेली कोणतीही वस्तू सततच्या हादऱ्याने हळूहळू सैल होते. मागावरचा नट-बोल्ट ढिला होतो तोच हा प्रकार. पिनच्या बल्बला आतून स्प्रिंगा ढकलत राहतात, त्यामुळे तो आपणहून फिरून सुटत नाही. मोटारसायकलच्या मागच्या दिव्याचा जुन्या पद्धतीचा बल्ब गॅरेजवाल्या बंधूंनी पाहिलाच असेल. तो याच कारणासाठी पिनचा असतो. ब्रेक आणि टेल असे दोन काम करणाऱ्या बल्बच्या दोन पिना तर खालीवर ठेवलेल्या असतात, म्हणजे तो उलटा बसूच शकत नाही. मालेगावच्या पावरलूम कारखान्यांत आता ट्यूब आणि एलईडीच्या पट्ट्या आल्या आहेत. तरीही एखाद्या मागावर, कांडी मशीनजवळ किंवा पिठाच्या गिरणीत बल्ब टांगायचा असेल तर पिनचाच टांगावा. सैल जोडाजवळ ठिणगी उडते, आणि कारखान्याच्या हवेत रुईचे तंतू उडत असतात. या दोघांची गाठ पडू देऊ नये.

जेथे उष्णता जास्त तेथे आटे सरस ठरतात. पिनच्या होल्डरचा सारा भार दोन बारीक स्प्रिंगांवर असतो. शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बमधून जवळजवळ ०.४३ अँपिअर वीज वाहते आणि त्याची टोपी खूप तापते. त्या तापाने स्प्रिंगा मऊ पडतात, खुंट्या काळ्या होतात, बॅकेलाइट ठिसूळ होऊन पिनेची खाच तुटते. जुन्या घरांत बल्ब लुकलुकतो तो बहुधा यामुळेच. आट्यांत धातूला धातू जास्त भागावर टेकलेला असतो, त्यामुळे मोठ्या वॅटचा भार तो चांगला पेलतो. कोंबड्यांच्या पिलांना ऊब देण्यासाठी जे मोठ्या वॅटचे बल्ब लावतात, त्यांना चिनी मातीचा आट्यांचा होल्डर योग्य आहे. मात्र तारा कोणत्या टोकाला जोडल्या आहेत ते तपासूनच तो वापरावा.

घरासाठी हा मुद्दा आता पूर्वीएवढा राहिलेला नाही. ९ वॅटचा एलईडी बल्ब जुन्या शंभर वॅटच्या मानाने फारच थोडी वीज घेतो, म्हणून होल्डरच्या स्प्रिंगा भाजत नाहीत. पिनच्या होल्डरचा सर्वांत मोठा ऐब एलईडीने आपोआप झाकला आहे. पण जुना होल्डर आधीच भाजलेला असेल तर त्यात नवा एलईडी लावून भागत नाही. तो लुकलुकतो, त्याच्या आतली सर्किट लवकर जाते आणि गिऱ्हाईक बल्बला दोष देते. अशा वेळी आधी होल्डर बदलावा.

तिसरी गोष्ट गंजाची. उघड्यावर, पावसात, कोकणासारख्या खाऱ्या हवेत आटे गंजून एकमेकांना धरतात. मग बल्ब फिरवताना काच हातात येते आणि टोपी होल्डरमध्येच राहते. पिनच्या बल्बला दाबून थोडेच फिरवायचे असल्यामुळे तो बहुधा सुटतो. तुटलेली टोपी काढायची असेल तर फक्त बटण बंद करून पुरत नाही. मेन स्विच किंवा एमसीबी पाडावी, टेस्टरने खात्री करावी आणि मगच पक्कड लावावी.

अडॅप्टरचा सापळा

आता ज्या वस्तूबद्दल सर्वांत जास्त सावध राहायला हवे तिच्याकडे येऊ. घरात होल्डर पिनचा आहे आणि हाती बल्ब आट्यांचा आहे. दुकानदार थोड्या रुपयांत एक जोड देतो. एका बाजूला पिना, दुसऱ्या बाजूला आटे. काम भागते आणि माणूस खूश होतो.

पण पिनचा बल्ब होल्डरमध्ये दोन तऱ्हांनी बसतो हे लक्षात घ्या. अर्धा फेरा फिरवून बसवला तरी तो तितकाच नीट बसतो. पिनच्या बल्बला त्याने काही बिघडत नाही. अडॅप्टरही असाच दोन तऱ्हांनी बसतो, आणि त्यातल्या एका तऱ्हेत फेज मधल्या जिभेला जाते, तर दुसऱ्या तऱ्हेत आट्यांना. म्हणजे वायरमनने सारे काम बिनचूक केले असले तरी अडॅप्टर लावताच आट्यांवर फेज येण्याची शक्यता निम्मी! बाहेरून पाहून ते कळत नाही.

म्हणून अडॅप्टर वापरण्याची वेळ आलीच तर एक रीत कायम पाळावी. बटण बंद करावे, आधी बल्ब अडॅप्टरमध्ये पूर्ण आवळून बसवावा, आणि मग बल्बसकट अडॅप्टर होल्डरमध्ये चढवावा. काढतानाही बटण बंद करून दोन्ही एकत्रच काढावे. होल्डरमध्ये अडकलेल्या अडॅप्टरमध्ये बल्ब फिरवत बसू नये. अडॅप्टरवर अडॅप्टर तर कधीच लावू नये, कारण प्रत्येक जोडागणिक बल्बचे वजन खाली सरकते आणि स्प्रिंगांवर ताण येतो. खरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे ज्या जातीचा होल्डर आहे त्या जातीचाच बल्ब घ्यावा. आज जवळजवळ प्रत्येक वॅटचा एलईडी दोन्ही टोप्यांत मिळतो.

हीच गोष्ट टेबललॅम्पची. त्याचा होल्डर आट्यांचा आणि प्लग दोन पिनांचा असेल तर प्लग कोणत्याही बाजूने बोर्डात जातो, आणि फेज कधी मधे तर कधी आट्यांवर येते. अशा लॅम्पचा बल्ब बदलताना बटणावर विसंबू नये. प्लगच उपसून ठेवावा. तीन पिनांचा प्लग असेल तर तो एकाच तऱ्हेने बसतो. त्यात बोर्डाच्या समोरून पाहिल्यास वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे असावे.

परदेशातून आलेले दिवे

आपल्या बिरादरीत आखातात नोकरी केलेली माणसे पुष्कळ. येताना कोणी झुंबर आणतो, कोणी शोभेचा लॅम्प, कोणी बल्बांचे खोकेच. यातला बराच माल आट्यांचा असतो. होल्डर जुळला म्हणजे सारे जुळले असे समजू नये. सौदी अरबस्तानात घरातली वीज अनेक वर्षे १२७ व्होल्टची होती. ती २३० व्होल्टवर नेण्याचा निर्णय तेथील सरकारने २०१० मध्ये घेतला. अमेरिकेत आजही १२० व्होल्ट आहेत, आणि तेथला २६ मिलिमीटरचा आट्यांचा बल्ब आपल्या २७ च्या होल्डरमध्ये सहज बसतो. कमी व्होल्टचा बल्ब आपल्या २३० व्होल्टवर लावला तर क्षणात जातो, कधी फुटतोही. म्हणून बल्बवर आणि झुंबरावर लिहिलेले व्होल्ट आधी वाचावेत. २२० ते २४० लिहिलेले असेल तर ठीक.

मशिदीला किंवा शादीखान्याला कोणी मोठे झुंबर देणगी देतो तेव्हाही हाच विचार करावा. त्यात लहान आट्यांचे वीस-पंचवीस दिवे असतात. झुंबराचे शरीर धातूचे असते आणि ते उंचावर टांगलेले असते. त्याला अर्थिंगची तार जोडलेली असलीच पाहिजे आणि प्रत्येक होल्डर तपासलेला असला पाहिजे. पुढे त्या टोपीचे बल्ब तालुक्याच्या गावी मिळतील का, हेही आधीच विचारून ठेवावे. नाहीतर दोन वर्षांनी अर्धे झुंबर अंधारात राहते.

होल्डर कसा तपासावा

हे काम जाणत्या माणसाने, कोरड्या हाताने आणि पायात रबरी चप्पल घालून करावे. बल्ब काढावा. टेस्टरचे टोक एकाच संपर्काला लावावे. दोन संपर्कांना एकाच वेळी टेकू देऊ नये.

आट्यांच्या होल्डरमध्ये बटण सुरू असताना मधल्या जिभेवर टेस्टर पेटावा आणि आट्यांवर पेटू नये. बटण बंद केल्यावर कोठेच पेटू नये. पिनच्या होल्डरमध्ये बटण सुरू असताना एका खुंटीवर पेटावा आणि बंद केल्यावर दोन्हींवर विझलेला असावा. बटण बंद असूनही टेस्टर पेटत असेल तर बटण न्यूट्रलवर बसवलेले आहे. ही चूक दोन्ही जातींच्या होल्डरमध्ये सारखीच घातक आहे. वायरमनला बोलावून ती आधी दुरुस्त करून घ्यावी.

याची एक खूण टेस्टरशिवायही दिसते. बटण बंद केल्यावर रात्री एलईडी बल्ब अगदी मंद उजळत राहतो, काजव्यासारखा. कधी ते बटणातल्या लहान लाल दिव्यामुळे किंवा लांबच लांब तारांमुळे होते, पण पुष्कळदा बटण न्यूट्रलवर असल्याची ती निशाणी असते. “बल्बच खराब आहे” म्हणून तो दुकानात परत नेण्याआधी वायरिंग पाहून घ्यावी.

नव्या घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेणे हा या सर्वांवरचा पहारेकरी आहे. माणसाच्या अंगातून वीज जमिनीकडे वाहू लागली की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. मात्र बोर्डात ती आहे म्हणून होल्डरची चूक तशीच ठेवू नये.

घरात कोठे काय लावावे

साध्या खोल्या, स्वयंपाकघर, ओटा, जिना, गोठा आणि कांद्याची चाळ येथे पिनचा होल्डर लावावा. बल्ब गावातल्या कोणत्याही दुकानात मिळतो, आणि वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असली तरी टोपीला झळ लागत नाही. ज्या घरात म्हातारी माणसे किंवा मुले बल्ब बदलतात तेथे तर पिनचाच बरा.

छतातले दिवे, झुंबर आणि शोभेचे लॅम्प आट्यांचे असतील तर तसेच राहू द्यावेत. फक्त ते परवानाधारक वायरमनकडून जोडून घ्यावेत आणि समोर तपासून घ्यावेत. आट्यांचा होल्डर विकत घेताना आत डोकावून पाहावे. चांगल्या होल्डरमध्ये आटे प्लास्टिकचे किंवा चिनी मातीचे असतात आणि न्यूट्रलची धातूची पट्टी अगदी तळाशी असते. त्यामुळे बल्ब जवळजवळ पूर्ण बसेपर्यंत त्याच्या टोपीत वीज येत नाही. ज्यात वरपासून खालपर्यंत सारे आटे पत्र्याचे आहेत तो स्वस्त होल्डर घरासाठी घेऊ नये.

बंद काचेच्या गोळ्यात दिवा लावायचा असेल तर कमी वॅटचा एलईडी घ्यावा, मग टोपी कोणतीही असो. आतली गरमी बाहेर पडत नाही आणि बल्बचे आयुष्य घटते.

विकणाऱ्या बंधूंसाठी

मुंबईच्या लोहार चाळीतून किंवा दिल्लीच्या भगीरथ पॅलेसमधून माल मागवताना वॅट आणि रंगाबरोबर टोपीही लिहून पाठवावी, बी-२२, ई-२७ किंवा ई-१४. कापडाच्या धंद्यात पन्हा न लिहिता ऑर्डर कोणी देत नाही; येथेही तोच कायदा. गावाच्या बाजारासाठी मोठा साठा पिनचाच ठेवावा. आट्यांचा माल थोडा, पण नेमका ठेवावा, कारण ज्याच्या घरी झुंबर आहे तो त्या एका बल्बसाठी सटाण्याला किंवा मालेगावला जातो आणि जाताना बाकीची खरेदीही तिकडेच करतो.

होल्डरवर भारतीय मानकाचा शिक्का पाहून माल घ्यावा. पिनच्या होल्डरचे मानक आयएस १२५८ आणि आट्यांच्या होल्डरचे आयएस १०२७६ आहे. एलईडी बल्बच्या सुरक्षिततेचे मानक आयएस १६१०२ असून त्याची नोंदणी सक्तीची आहे; खोक्यावर नोंदणी क्रमांक असतो. बिननोंदणीचा बल्ब दोन रुपये जास्त सोडतो, पण गिऱ्हाइकाची तक्रार आणि बदनामी आपल्याच गल्ल्यावर येते.

आणि गिऱ्हाईक आट्यांचा बल्ब किंवा अडॅप्टर मागेल तेव्हा दोन वाक्ये जरूर बोलावीत: “बटण बंद करून बसवा. आधी बल्ब अडॅप्टरमध्ये, मग अडॅप्टर होल्डरमध्ये.” मालाचा ऐब सांगून विकणे हा आपल्या धंद्याचा जुना दस्तूर आहे. कापडातला डाग दाखवून दिला तर फार तर दोन-चार रुपये कमी मिळतात. येथे सांगायचे राहिले तर कोणाच्या घरातले माणूस जाऊ शकते.

थोडक्यात सांगायचे तर घराची सर्वसाधारण वायरिंग पिनचीच ठेवावी. आट्यांचा होल्डर जेथे आवश्यक आहे तेथेच घ्यावा आणि त्याची फेज मधल्या जिभेवर आहे याची खात्री करून घ्यावी. अडॅप्टरची सवय लावून घेऊ नये. बल्ब कोणत्याही जातीचा असो, हात लावण्यापूर्वी बटण बंद करावे, आणि ज्या घराच्या वायरिंगची खात्री नाही तेथे मेन स्विचच पाडावा. दोन मिनिटे अंधार झाला तरी चालेल.